आचार्य की आचारी? छापील पुस्तक, ई-रीडर आणि आपलं रोजचं वाचन

(एका वाचक मंडळाच्या वतीनं झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



पत्रिकेवर आजचा विषय प्रश्नचिन्हासह छापलाय. असा विषय दिसला की आपल्याला शाळेतला निबंध आठवतो, 'विज्ञान : शाप की वरदान'. दोन पानं शाप लिहायचा, दोन पानं वरदान लिहायचं आणि शेवटी 'वापरणाऱ्यावर अवलंबून आहे' असं म्हणून वही मिटायची. (हशा) आज तसं करायचं नाही, असं आम्ही येतानाच ठरवलंय. आम्हाला एका बाजूला यावं लागलं होतं, आणि त्याला कारण पैसे होते.

आम्ही म्हणजे अकरा जणांचं एक वाचक मंडळ. तालुक्याच्या गावातलं वाचनालय, त्याची माडी, महिन्यातले दोन रविवार. आमच्यात शिक्षक आहेत, बँकेतून निवृत्त झालेल्या दोघी आहेत, एक औषधाचं दुकान चालवतात, एक एसटीत कंडक्टर आहेत आणि दोघं कॉलेजात शिकणारे. वाचनालयाला एका देणगीदारानं एक लाख वीस हजार रुपये दिले. कार्यकारिणीत दोन तट पडले. तरुण सभासद म्हणाले, ई-रीडर घ्या, मुलं येतील. जुने म्हणाले, कपाटं रिकामी पडलीत, पुस्तकं घ्या. वाद इतका वाढला की शेवटी अध्यक्ष आम्हाला म्हणाले, तुम्ही वाचता ना, मग तुम्हीच सांगा.

म्हणून वर्षभर आम्ही प्रत्येक पुस्तक दोन तऱ्हांनी वाचलं. निम्म्यांनी कागदावर, निम्म्यांनी यंत्रावर, आणि पुढच्या पुस्तकाला अदलाबदल. ही प्रयोगशाळा नव्हती, आमचे निष्कर्ष अकरा माणसांचे आहेत. पण ज्याच्या निकालावर खरे पैसे खर्च होणार असतात, ते वाचन माणूस जरा जबाबदारीनं करतो.

सुरुवातीलाच एक मुद्दा बाजूला ठेवू. पुस्तकाचा वास. या विषयावर बोलायला कुणीही उभं राहिलं की पाचव्या मिनिटाला नव्या पुस्तकाचा वास येतोच. आमच्या वाचनालयातल्या पुस्तकांना डांबरगोळ्यांचा आणि ओलीचा वास येतो. (हशा) आम्हालाही तो आवडतो, पण ते वाचन नव्हे. ती वस्तूवरची माया झाली. मायेबद्दल तक्रार नाही, फक्त तिला युक्तिवाद म्हणू नये.

आणि वस्तूचं म्हणाल, तर बांधीव छापील पुस्तक हेच वाचनाचं मूळ रूप आहे, हे कुणी ठरवलं? आपल्याकडे आधी पोथी होती. सुटी आडवी पानं, बासनात गुंडाळलेली, आणि बहुतेक वेळा एकानं वाचायची व बाकीच्यांनी ऐकायची. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली छापील पंचांग काढलं, तेव्हा छापलेल्या अक्षराला शिवायला कचरणारे लोक होते. शाईत चरबी असेल ही भीती. म्हणून शाईत तूप वापरल्याची हकीकत मराठी मुद्रणाच्या इतिहासात सांगितली जाते. म्हणजे जे छापील पुस्तक आज आपल्याला सोवळं वाटतं, ते एकेकाळी ओवळं होतं.

दुसरं उदाहरण आमच्या वाचनातलंच. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' आम्ही पहिल्या तिमाहीत घेतली. ही कादंबरी आधी 'करमणूक' साप्ताहिकातून तुकड्यातुकड्यानं आली. यमूची गोष्ट पहिल्यांदा वाचणाऱ्यांनी ती आठवड्याच्या हप्त्यानं वाचली, हातात जाडजूड ग्रंथ धरून नाही. तेव्हा 'कादंबरी म्हटली की ती पुस्तकातच' हे वाक्य आमच्या बैठकीत पहिल्याच महिन्यात गळून पडलं.

आता यंत्राकडे वळू. इथं एक घोटाळा आधी दूर करायला हवा. मोबाइलवर वाचणं आणि ई-रीडरवर वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोबाइलचा पडदा स्वतः प्रकाश फेकतो. ई-रीडरच्या पडद्यात अतिसूक्ष्म कुप्या असतात, त्यांत काळे आणि पांढरे कण. विजेच्या भारानं हवे ते कण वर येतात आणि अक्षर उमटतं. एकदा उमटलं की ते टिकवायला वीज लागत नाही, म्हणून एकदा चार्ज केलेलं यंत्र आठवडेच्या आठवडे चालतं. उन्हात ते अधिकच स्वच्छ दिसतं. अंधारासाठी दिवा असतो, तो कडेनं पडद्यावर पडतो. या तंत्राची ई-इंक कंपनी १९९७ ची, ॲमेझॉनचं किंडल नोव्हेंबर २००७ चं. मराठी पुस्तकं किंडलच्या दुकानात अधिकृतपणे आली ती डिसेंबर २०१६ मध्ये, हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळमबरोबर. म्हणजे इंग्रजी वाचकाला मिळाल्यावर नऊ वर्षांनी. हा उशीर लक्षात ठेवा, त्याचे परिणाम पुढं येणार आहेत.

मोबाइलमध्ये वाचताना मध्येच लग्नाचे फोटो येतात, बातमी येते, गॅस सिलिंडरचा मेसेज येतो. ई-रीडरवर यातलं काही येत नाही. आमच्या कंडक्टर सभासदांनी वर्षात सर्वांत जास्त वाचलं, आणि ते सगळं डेपोतल्या विश्रांतीगृहात, यंत्रावर. त्यांचं म्हणणं साधं होतं : "डबा, पाण्याची बाटली, तिकिटाचं मशीन, त्यात पाचशे पानांचं पुस्तक कुठं कोंबू?" याला आमच्याकडे उत्तर नव्हतं.

आणि सरांपुढंही आमच्याकडे उत्तर नव्हतं.

सर म्हणजे आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ. हायस्कूलमधून निवृत्त झालेले मराठीचे शिक्षक. सत्तरी ओलांडल्यावर त्यांच्या डोळ्याच्या पडद्याला विकार झाला. नजरेच्या कडेचं दिसायचं, मधलं पुसट. वाचायला नेमकं मधलंच लागतं. आधी चष्म्याचा नंबर वाढवला, मग भिंग घेतलं. भिंगातून एका वेळी तीन शब्द, आणि मान अवघडते ती वेगळीच. बैठकीला ते यायचे, पण ऐकायला. ज्या माणसानं गावातल्या दोन पिढ्यांना वाचायला लावलं, तो वाचू शकत नाही, हे आम्हाला बघवत नव्हतं आणि त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही.

आमच्यातल्या कॉलेजवाल्या मुलीनं आपलं यंत्र त्यांच्या हातात दिलं आणि अक्षर मोठं करत गेली. एका पानावर जेमतेम वीस-पंचवीस शब्द उरले तेव्हा सर म्हणाले, "थांब." आणि वाचायला लागले. मोठ्यानं. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' होती. पहिल्या पानावर ते हसले, लक्ष्मीबाई हसवतातच. पण त्या दिवशी माडीवर आम्ही बाकीचे दहा जण हसत नव्हतो.

त्यानंतर पुढची दोन वर्षं सरांनी यंत्रावर एकसष्ट पुस्तकं वाचली. आकडा नेमका आहे, कारण ते यादी ठेवत. या यादीकडे आम्ही शेवटी परत येणार आहोत.

तर छापील पुस्तकाच्या बाजूनं बोलणाऱ्यांना आमचं पहिलं सांगणं हे. 'खरा वाचक कागदावरच वाचतो' असं म्हणताना आपण कुणाला बाहेर ढकलतोय ते बघा. कमी दिसणारे, हात थरथरणारे, लोकलमध्ये उभ्यानं जाणारे, आणि परदेशात राहणारे आपले लोक, ज्यांना चारशे रुपयांच्या मराठी पुस्तकावर त्याहून जास्त टपालखर्च करावा लागतो. यांचं वाचन दुय्यम आहे असं आम्ही म्हणणार नाही.

इतकं मान्य केल्यावर आता टीकेला हात घालतो. आमची टीका यंत्रावर कमी आणि त्या यंत्रात मराठी ज्या रूपात येऊन पोचते त्यावर जास्त आहे.

एका जुन्या कादंबरीत लग्नघरचं वर्णन आहे. कागदावरच्या वाचकांनी वाचलं की पंगत उशिरा बसली म्हणून यजमानांनी आचाऱ्यांना झापलं. यंत्रावरच्यांनी वाचलं की आचार्यांना झापलं. (हशा) अर्धं मंडळ स्वयंपाक्याच्या बाजूनं, अर्धं गुरुजींच्या. दहा मिनिटं वाद झाल्यावर पुस्तकं शेजारी ठेवली तेव्हा उलगडा झाला. मराठीत दोन 'र' जोडले जातात, एक रफार होऊन डोक्यावर बसतो, दुसरा डावीकडे अर्धचंद्रासारखा येतो. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. हिंदीला हा दुसरा र लागत नाही. आपल्याकडची पुस्तकं वर्षानुवर्षं श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत जुळवली गेली. त्या फायली युनिकोडमध्ये बदलताना हा र पडतो, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, कधी जोडाक्षराचा पाय मोडतो. बदलणाऱ्या सॉफ्टवेअरला आचारी आणि आचार्य यांतला फरक कळत नाही, ते ठीक. पण प्रकाशकाला कळायला हवा. ज्या पुस्तकाची छापील प्रुफं दोनदा-तीनदा वाचली गेली, त्याची ई-आवृत्ती एकदाही कुणी वाचली नसावी, असं आम्हाला पुनःपुन्हा वाटलं.

दुसरी गोष्ट अक्षरांच्या वळणाची. महाराष्ट्र शासनानं ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानं मराठीची वर्णमाला प्रमाणित केली. त्यात पाकळीचा ल आणि देठाचा श ही मराठीची वळणं सांगितली आहेत. शाळेत मुलं तीच गिरवतात. यंत्रावर मात्र आम्हाला बहुतेक ठिकाणी दांडीचा हिंदी ल भेटला. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रमांक एकच आहे, वळण फॉन्टनं ठरवायचं असतं, आणि ही भाषा मराठी आहे हे फॉन्टला कुणीतरी सांगायचं असतं. ते सांगितलं जात नाही. कुणी म्हणेल, एवढ्या-तेवढ्यानं काय बिघडतं? मोठ्यांचं नाही बिघडत. पण दुसरीतल्या नातवाला आजीनं यंत्रावर गोष्ट वाचायला दिली आणि तो 'ल'पाशी अडला, हे आमच्याच एका घरात झालं.

तिसरी, ओळीची. मराठी प्रत्यय शब्दाला चिकटवते. 'वाचनालयांमधल्यांनासुद्धा' हा आपल्याकडे एक शब्द आहे. अक्षर मोठं केलं की असा एक शब्द अख्खी ओळ खातो आणि त्याच्या वरच्या ओळीत दोन शब्दांमध्ये बैल जाईल एवढी फट पडते. इंग्रजीत शब्द तोडून संयोगचिन्ह टाकायची सोय यंत्रात चांगली रुळली आहे. मराठीसाठी ती आम्हाला कुठंच धड काम करताना दिसली नाही. गद्यात हे सोसता येतं. कवितेत नाही. कवितेची ओळ कवीनं जिथं थांबवली तिथंच थांबली पाहिजे. यंत्र ती जागा मिळेल तिथं मोडतं आणि उरलेला एक शब्द पुढच्या ओळीत एकटा बसवतं. ओवीचा साडेतीन चरणांचा आकार डोळ्याला दिसेनासा होतो. वर्षभरात आम्ही तीन कवितासंग्रह घेतले, आणि तिन्ही वेळा यंत्रावर वाचणाऱ्यांनी दुसऱ्या आठवड्यात येऊन वाचनालयातली प्रत मागितली. या एका बाबतीत मंडळात मतभेद झाला नाही.

चौथी, शब्दकोशाची. इंग्रजी पुस्तकात शब्दावर बोट ठेवलं की अर्थ उघडतो. ई-रीडरचं सर्वांत मोठं शैक्षणिक मोल यातच आहे असं आमचं मत आहे. मराठी पुस्तकात आम्ही बोट ठेवत गेलो आणि काही उघडलं नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, दाते-कर्व्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३२ पासून सुरू झालेला. म्हणजे कोश नाहीत असं नाही. पण नुसता कोश यंत्रात घालून भागत नाही. वाचक बोट ठेवणार 'ओसरीवरच्या' या शब्दावर, कोशात आहे 'ओसरी'. प्रत्यय सोडवून मूळ शब्दाकडे जायची सोय हवी. ते काम भाषेचं आहे, आणि ते आपणच करायचं आहे. सिएटलमध्ये बसलेला माणूस ते आपल्यासाठी करणार नाही.

आता समजण्याचं बघू. कागदावर वाचलेलं जास्त कळतं का? यावर अभ्यास झाले आहेत, पण ते ज्या पद्धतीनं सांगितले जातात त्यात गडबड असते. २०१८ साली स्पेनमधले पाब्लो देलगादो आणि सहकाऱ्यांनी ५४ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत १ लाख ७० हजारांहून अधिक लोक होते. निष्कर्ष असा की माहितीपर मजकूर आणि वेळेचं बंधन असताना कागद सरस ठरतो, पण निव्वळ कथात्मक मजकुरात तसा फरक दिसत नाही. व्याख्यानांत या अभ्यासाचं पहिलं अर्धं वाक्य सांगितलं जातं आणि दुसरं गिळलं जातं. शिवाय पडदा म्हणजे त्यात संगणकही आले, ई-रीडर हा त्यातला एक प्रकार.

थेट ई-रीडरवरचा एक अभ्यास नॉर्वेच्या ॲन मँगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा आहे, २०१९ चा. पन्नास जणांना एकच रहस्यकथा दिली, अर्ध्यांना कागदावर, अर्ध्यांना किंडलवर. बहुतेक चाचण्यांत दोन्ही गट सारखे निघाले. फरक पडला तो घटनांच्या क्रमात. कुठली गोष्ट आधी, कुठली नंतर, हे कागदवाल्यांना जास्त नीट सांगता आलं.

हे वाचलं तेव्हा आम्ही एकमेकांकडे पाहिलं, कारण हरिभाऊंच्या कादंबरीच्या वेळी आम्हाला हेच दिसलं होतं. यमूचे मुंबईचे दिवस कादंबरीत कधी येतात, असा प्रश्न निघाला. कागदावरच्यांनी पुस्तक न उघडता अंगठा आणि बोटात जाडी धरून दाखवली, "एवढं झाल्यावर." यंत्रावरच्यांना प्रसंग आठवत होते, संवाद आठवत होते, पण ते पुस्तकात कुठं राहतात ते आठवत नव्हतं. यंत्र सांगतं त्रेचाळीस टक्के. टक्क्याला जागा नसते. छापील पुस्तकात डाव्या पानावर खालच्या कोपऱ्यात वाचलेलं वाक्य वर्षांनंतरही डाव्या पानावर खालच्याच कोपऱ्यात सापडतं. चर्चेत तर फारच अडचण झाली. एकानं म्हणायचं "पान एकशे बेचाळीस", दुसऱ्यानं विचारायचं "म्हणजे किती टक्के?"

तरी अतिशयोक्ती करायला नको. एका बसणीत संपणारी कथा, प्रवासवर्णन, हलकं रहस्य यांत आम्हाला काही फरक जाणवला नाही. फरक पडतो तो जिथं मागं जावं लागतं तिथं. टीपा, वंशावळी, नकाशे, वैचारिक लेखन, आणि लांब कादंबऱ्या.

यापुढचा मुद्दा मालकीचा. तो आम्हाला सर्वांत गंभीर वाटतो.

छापील पुस्तक विकत घेतलं की ते तुमचं. उसनं द्या, रद्दीत विका, सुनेला द्या, वाचनालयाला द्या. ई-पुस्तकावर 'विकत घ्या' असं लिहिलेलं असतं, पण मिळतो तो वाचण्याचा परवाना. हा शब्दच्छल नाही. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉननं ऑर्वेलच्या दोन पुस्तकांच्या काही प्रती वाचकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतल्या. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते हे कारण. त्यातलं एक पुस्तक नेमकं '१९८४' होतं. पैसे परत केले, पुढं जाहीर माफीही मागितली. पण विचार करा, दुकानदार रात्री तुमच्या घरात शिरून कपाटातलं पुस्तक घेऊन गेला आणि टेबलावर पैसे ठेवून गेला, तर तुम्ही त्याला प्रामाणिक म्हणाल का? २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं आपलं ई-पुस्तकांचं दुकानच बंद केलं आणि लोकांनी घेतलेली पुस्तकं दिसेनाशी झाली. पैसे तिथंही परत मिळाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये घेतलेलं किंडल पुस्तक आपल्या संगणकावर उतरवून ठेवायची सोय ॲमेझॉननं काढून टाकली.  म्हणूनच काळजी वाटते.

आपल्या करव्यवस्थेतही हा भेद उमटलाय. २०१७ साली जीएसटी आला तेव्हा छापील पुस्तकावर कर शून्य, आणि ई-पुस्तकावर १८ टक्के. २०१८ मध्ये, छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकांपुरता तो ५ वर आला. एकच मजकूर, पण कागदावर तो पुस्तक आणि पडद्यावर सेवा. सेवा बंद होऊ शकते.

आता सरांच्या यादीकडे येतो.

गेल्या वर्षी पावसाळ्यात सर गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे मुलानं त्यांची छापील पुस्तकं वाचनालयाला दिली, चारशेच्या वर. आम्ही ती नोंदवहीत चढवायला बसलो आणि काम पुढं सरकेना, कारण जो तो वाचत बसला. सरांना समासात पेन्सिलीनं लिहायची सवय होती. एका नावाजलेल्या आत्मचरित्रात त्यांनी लिहिलंय, "हे खोटं वाटतं." त्याखाली अकरा वर्षांनंतरची तारीख घालून, "आता तसं वाटत नाही." एका संग्रहात एका कवितेशेजारी फक्त विद्यार्थ्याचं नाव आणि वर्ष. का, ते कुणालाच ठाऊक नाही. आज वाचनालयातून ती पुस्तकं नेणारे लोक सरांशी वाद घालतात. एकानं तर समासात त्यांना उत्तर लिहिलंय. नियमात बसत नाही, पण ग्रंथपालांनी खोडलं नाही.

आणि ती एकसष्ट पुस्तकं? यंत्राला चार आकड्यांचं कुलूप होतं. मुलानं जन्मसाल घातलं, लग्नाचं साल घातलं, निवृत्तीचं घातलं. उघडलं नाही. शेवटी यंत्र पुसून नव्यानं सुरू करावं लागलं. खात्याचा पासवर्ड कुणाला माहीत नव्हता. विक्रेत्याला लिहिलं, तर खातं दुसऱ्याच्या नावे होत नाही असं उत्तर आलं. सर यंत्रावरही खुणा करत, टिपणं लिहीत. बैठकीत त्यांनी त्यातली काही वाचूनही दाखवली होती. शेवटच्या दोन वर्षांतलं त्यांचं सगळं वाचन त्यात होतं, डोळे जात असताना केलेलं. ते गेलं. उरली ती एक दोनशे पानी वही, ज्यात मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरात एकसष्ट नावं आहेत. शेवटच्या नावापुढं तारीख नाही.

ही गोष्ट ऐकून कुणाला वाटेल, बघा, यंत्रानं घात केला. आमच्या मंडळातही दोघं तसंच म्हणाले. पण बाकीच्यांना ते पटलं नाही, आणि आम्हाला आज इथं जे सांगायचंय ते हेच आहे. यंत्र नसतं तर त्या दोन वर्षांत खुणा हरवल्या नसत्या, कारण वाचनच झालं नसतं. सरांना विचारलं असतं, की दोन वर्षं वाचायला मिळतील पण मागं काही उरणार नाही, तर त्यांनी काय निवडलं असतं, याबद्दल आम्हाला शंका नाही. त्या दोघांनाही नाही, त्यांना विचारलं तेव्हा ते गप्प राहिले.

म्हणजे यंत्र वाचणाऱ्याचं काम करतं. कागद तेही करतो आणि वाचणाऱ्यानंतर येणाऱ्यांचंही करतो. वाचनालय त्या पुढच्यांसाठी असतं. आमच्याकडच्या 'स्मृतिचित्रे'च्या प्रतीला मागं तारखांची चिठ्ठी आहे, एकावर एक चिकटवलेली. किती घरं फिरून ती प्रत आली ते शिक्क्यांवरून मोजता येतं. यंत्रातली प्रत अशी फिरत नाही. तशी ती फिरू नये म्हणूनच तिला कुलूप घातलेलं आहे.

अर्थात कागद अमर आहे असं समजू नका. चिपळूणला २२ जुलै २०२१ च्या पुरात लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची पुस्तकं पाण्यात गेली. वाळवी आहे, कसर आहे, बोट लावलं की तुकडा पडणारा जुना कागद आहे. मराठी पुस्तकाची आवृत्ती हजारभर प्रतींची निघते, संपते आणि पुन्हा निघतच नाही. 'आवृत्ती शिल्लक नाही' हे वाक्य आमच्या वाचनालयाच्या पत्रव्यवहारात किती वेळा येतं! जे पुस्तक आता कुणी छापणार नाही, ते वाचवायला पडद्याशिवाय मार्ग नाही. ज्यांचा प्रताधिकार संपलाय, लेखकाच्या मृत्यूला साठ वर्षं उलटून गेलीत, अशी पुस्तकं नीट तपासून, बिनकुलपाची, सगळ्यांना मोकळी मिळाली पाहिजेत. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे त्यांचं लेखन २०११ पासून मोकळं आहे. तिथं तरी आचाऱ्याचा आचार्य होऊ नये.

शेवटी निकाल सांगतो, कारण तो न सांगता वही मिटायची नाही असं कबूल केलं होतं. एक लाख वीस हजारांतून वाचनालयानं दोन मोठ्या पडद्याची यंत्रं घेतली. ती मुलांना आकर्षित करायला घेतलेली नाहीत. ती ज्यांना छापील अक्षर दिसत नाही त्यांच्यासाठी आहेत आणि ती घरपोच जातात. उरलेल्या सगळ्या पैशांची पुस्तकं घेतली, त्यात कविता जास्त. यंत्राचं कुलूप आणि खात्याचा पासवर्ड नोंदवहीत लिहिलेला आहे, शाईनं. आणि ज्यांच्याकडे यंत्र जातं त्यांना सोबत एक वही दिली जाते. वाटलं तर लिहा म्हणून.

रोजच्या वाचनाला काय घ्यावं, असं कुणी विचारलं, तर आमचं उत्तर असं. प्रवासात, रात्री, डोळे थकल्यावर, एकदाच वाचायचं असेल तर यंत्र. कविता, परत परत लागणारं पुस्तक आणि कुणालातरी पुढं द्यावंसं वाटेल असं पुस्तक कागदावर. प्रकाशकांना विनंती एवढीच, की ई-आवृत्तीला आवृत्ती माना. तिचंही प्रूफ वाचा आणि वाचणाऱ्याचं नाव छापा. आणि इथं ज्यांच्याकडे यंत्र आहे त्यांनी आज घरी गेल्यावर त्या कुलपाचे चार आकडे कुठंतरी लिहून ठेवा, घरात सांगा. पैशाच्या कागदपत्रांसाठी आपण हे करतो. वाचनासाठी करायचं सुचत नाही.

आम्हालाही सुचलं नव्हतं.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.